न्यूट्रॉन की गॅमा? : अंधारातल्या ठिणग्यांची गोष्ट

शंभर डॉलरच्या नोटेवरचा माणूस आपण सगळे ओळखतो (नोट हातात फार टिकत नाही, ही गोष्ट वेगळी!). नेल्सनजवळ ब्राइटवॉटरला १८७१ साली जन्मलेले अर्नेस्ट रदरफर्ड. पण त्यांचा एक विद्यार्थी आपल्याच हट खोऱ्यात राहिला आणि १९७० साली लोअर हटलाच वारला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यांचं नाव सर अर्नेस्ट मार्सडन. मी अप्पर हटला राहतो, त्यामुळे हा मला जवळजवळ शेजारधर्माचा विषय वाटतो!

१९०९ साली मँचेस्टरला मार्सडन विशीतला, पदवीसुद्धा न झालेला पोरगा होता. रदरफर्डनी त्याला गायगर यांच्या हाताखाली कामाला लावलं. काम काय, तर धातूच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडायचे आणि मागे उलटून कोणी येतं का ते बघायचं. बघायचं म्हणजे अक्षरशः डोळ्यांनी, बरं का! झिंक सल्फाइड लावलेल्या पडद्यावर अल्फा कण आपटला की बारीकशी ठिणगी चमकते. आधी अर्धा तास काळोखात बसून डोळे सरावायचे, मग सूक्ष्मदर्शकातून ठिणग्या मोजायच्या. साधारण आठ हजार कणांत एखादा उलटा फिरत होता. त्यातूनच पुढे अणूला केंद्रक असतं हे कळलं. मार्सडन १९१५ मध्ये वेलिंग्टनला व्हिक्टोरिया कॉलेजात प्राध्यापक म्हणून आले आणि १९२६ पासून इथल्या सरकारी विज्ञान खात्याचे, डीएसआयआरचे, प्रमुख झाले.

तर मुद्दा असा, की ठिणगी 'कोणीतरी आलं' एवढंच सांगते. कोण आलं, ते सांगत नाही. दारावरची बेल वाजली म्हणून पाहुणा कोण ते कळत नाही, तसंच.

आणि मोजणारा शेवटी माणूसच! १९२० च्या दशकात व्हिएन्ना आणि केंब्रिज या दोन प्रयोगशाळांत मोठा वाद पेटला. अल्फा कणांनी कोणकोणती मूलद्रव्यं फुटतात, यावर दोघांचे आकडे जुळेनात. १९२७ च्या डिसेंबरात केंब्रिजचे जेम्स चॅडविक व्हिएन्नाला गेले. तिथे ठिणग्या मोजायला मुली बसवलेल्या असत. चॅडविकनी यंत्राच्या मांडणीत काय बदललंय ते त्यांना न सांगता मोजायला लावलं आणि अपेक्षित आकडे गायब झाले! मुली खोटं बोलत नव्हत्या. काय दिसायला हवं, ते त्यांना आधीच माहीत असायचं, आणि थकलेला डोळा अंधारात तेच बघतो. माझ्या मते दोष मोजणाऱ्यांचा नव्हता, पद्धतीचा होता. प्रकरण आपापसात मिटलं, पण डोळ्यावरचा विश्वास उडाला. त्यानंतर विजेवर चालणारे मोजयंत्र पुढे आले.

खरा घोळ पुढेच आहे. १९३० साली जर्मनीत बोथे आणि बेकर यांना आढळलं, की बेरिलियमवर अल्फा कण मारले की फार भेदक किरण निघतात. त्यांच्यावर विद्युतभार नाही, म्हणजे गॅमाच असणार, असं सगळ्यांनी धरलं. जानेवारी १९३२ मध्ये पॅरिसला इरेन आणि फ्रेदरिक जोलिओ-क्यूरी या नवरा-बायकोने हे किरण पॅराफिनवर सोडले, तर त्यातून प्रोटॉन सुसाट उडाले! तरीही ते म्हणाले, गॅमाच.

आता कॅरमचा बोर्ड डोळ्यांसमोर आणा. सोंगटीवर दुसरी सोंगटी आपटली तर ती सरळ पॉकेटमध्ये जाऊ शकते. पण मोहरीचा दाणा मारून सोंगटी घालवायची म्हटलं, तर दाण्याला केवढा वेग हवा! चॅडविकनी हाच हिशेब मांडला. प्रोटॉनला इतका धक्का द्यायचा तर गॅमाची ऊर्जा ५५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास हवी. नायट्रोजनला बसलेल्या धक्क्यावरून तीच ९० दशलक्ष निघे. आणि बेरिलियममधून तर फार तर १४ दशलक्ष मिळू शकत होती. किरण एकच, मग गिऱ्हाईक बघून भाव कसा बदलतो? त्याऐवजी प्रोटॉनच्याच वजनाचा, पण भार नसलेला कण धरला, तर सगळे आकडे जुळत होते. रदरफर्डनी असा कण असावा असा अंदाज १९२० मध्येच बांधला होता. १७ फेब्रुवारी १९३२ ला चॅडविकनी 'नेचर'ला पत्र लिहिलं, आणि १९३५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या दिवसांत केंब्रिजला शिकत असलेल्यांत मुंबईचा एक तरुण होता : होमी भाभा.

ठिणग्या मात्र संपल्या नव्हत्या. १९४४ मध्ये सॅम्युअल करन यांनी डोळ्याच्या जागी फोटोमल्टिप्लायर नळी लावली. ती न थकता, न पूर्वग्रह ठेवता मोजते. १९४७ मध्ये बर्लिनला हार्टमुट कालमान यांनी नॅप्थलीनमध्ये, म्हणजे आईच्या कपाटातल्या डांबरगोळ्यांच्या पदार्थात, किरणांनी उजेड पडतो हे दाखवलं. अशा सेंद्रिय पदार्थात हायड्रोजन भरपूर. न्यूट्रॉन आला तर तो प्रोटॉनला ढकलतो, गॅमा आला तर इलेक्ट्रॉनला. उजेड मात्र दोघांमुळे पडतो. मग ओळखायचं कसं?

उत्तर उजेडाच्या शेपटीत आहे. दिवाळी आहे म्हणून फटाक्यांचंच उदाहरण घ्या : लवंगी 'फट्' करून संपते, फुलबाजी विझल्यावर तिची तार मात्र जरा वेळ लाल राहते. गॅमाने हललेल्या इलेक्ट्रॉनचा उजेड बहुतेक सगळा काही अब्जांश सेकंदांत संपतो. प्रोटॉन जड, तो थोड्या अंतरात दाटीवाटीने ऊर्जा सांडतो. त्यामुळे रेणू अशा अवस्थेत अडकतात, की त्यांचा उजेड शेकडो अब्जांश सेकंद रेंगाळतो. शेपूट लांब म्हणजे न्यूट्रॉन! फ्रँक ब्रूक्स यांनी १९५९ मध्ये या फरकावर बेतलेलं मोजयंत्र प्रसिद्ध केलं. योगायोग बघा, त्याच वर्षी आपल्या लोअर हटच्या ग्रेसफील्डला अणुविज्ञान संस्था सुरू झाली. १९८७ च्या कायद्याने हा देश अण्वस्त्रमुक्त झाला, म्हणून इथे अणुविज्ञानच नाही असं आपल्या मुलांना वाटतं, त्यांना हे जरूर सांगा.

एवढी उठाठेव कशाला? कारण दोघांचा मार सारखा नाही. शरीरात तेवढीच ऊर्जा सोडूनही न्यूट्रॉन गॅमाच्या वीसपटीपर्यंत घातक धरला जातो. ४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्याला 'अप्सरा' सुरू झाली, सोव्हिएत संघ वगळता आशियातली पहिली अणुभट्टी. अणुभट्टीपाशी हे दोन्ही किरण एकत्रच असतात. आपल्यापैकी किती जणांचे काका, मामा अणुशक्तीनगरात राहिले! त्यांच्यासारख्यांना 'किरणांचा डोस इतका' एवढंच सांगून भागत नाही, कुठला किती हेही लागतं.

बंदरावरच्या तपासणीतही तोच प्रश्न येतो. केळी आणि फरशा भरलेले कंटेनर गॅमाने यंत्र वाजवतात. प्लुटोनियममधून मात्र न्यूट्रॉनही बाहेर पडतात. पूर्वी हा भेद करायला जपून वापरायचे स्फटिक, नाहीतर पेट घेणारे द्रव लागत. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या नतालिया झैत्सेवा आणि सहकाऱ्यांनी साध्या प्लास्टिकमध्ये योग्य रंगद्रव्य पुरेसं घालून तेच साधलं. शेपूट मोजणारं प्लास्टिक आता विकतही मिळतं.