यशवंतरावांची पूर्वपीठिका

समाजात मोठा पुरुष निपजला म्हणजे त्याच्या मोठेपणाचा वाटा आपल्याकडे घेण्याची प्रत्येक ज्ञातीस हौस असते. आम्हीही त्यास अपवाद नाही. तथापि कै. यशवंतराव चव्हाण यांच्या पूर्वायुष्याकडे पाहता, ह्या मोठेपणात समाजाचा वाटा किती आणि एका गरीब घराचा किती, हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारणे अगत्याचे आहे.

त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे ह्या आजोळच्या गावी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. पितृछत्र बालपणीच हरपले. मातोश्री विठाबाईंना अक्षरओळख नव्हती; परंतु मुलाने शिकावे हा त्यांचा निश्चय होता. थोरल्या बंधूंनी संसाराचा भार उचलला, म्हणूनच धाकट्यास कराडच्या टिळक हायस्कुलात जाता आले.

१९३२ साली, विद्यार्थिदशेतच, स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. माफी मागितल्यास मुलगा सुटेल असे एका शिक्षकाने सुचविले असता विठाबाईंनी ती सूचना धुडकावून लावली. ज्या घरात उद्याच्या भाकरीची विवंचना होती, त्या घराने हा निर्णय घेतला, हे आमच्या वाचकांनी विसरू नये. येरवड्याच्या तुरुंगात आचार्य भागवतांसारख्या विद्वानांचा सहवास लाभला आणि तो तुरुंगच ह्या तरुणाची पाठशाळा झाला.

त्या काळी सातारा जिल्ह्यात ब्राह्मणेतर चळवळीचा मोठा जोर होता. बंधू गणपतराव त्याच विचाराचे होते. घरातील ओढा तिकडे असता यशवंतराव काँग्रेसकडे वळले. जोतीराव फुल्यांच्या कार्याविषयी त्यांना आदर होता. परंतु बहुजनांचे हित राष्ट्राच्या स्वातंत्र्याहून वेगळे काढता येत नाही, अशी त्यांची धारणा झाली. मतभेद असूनही गणपतराव भावाच्या पाठीशी उभे राहिले, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

तुरुंगातून सुटल्यावर शिक्षण पुन्हा सुरू झाले. १९३८ साली कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून ते बी. ए. झाले व १९४१ साली पुण्यास वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. २ जून १९४२ रोजी वेणूताईंशी विवाह झाला आणि अवघ्या काही महिन्यांत ते भूमिगत झाले. त्या नववधूसही पुढे अटक सोसावी लागली. १९४६ च्या निवडणुकीत ते मुंबई विधानसभेवर निवडून आले व गृहखात्याचे संसदीय चिटणीस झाले. १९५२ साली पुरवठा मंत्री झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्रिपद त्यांजकडे आले आणि १ मे १९६० रोजी ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले.

सारांश, हा पुरुष घडला तो आईच्या निग्रहाने, भावांच्या त्यागाने आणि जातीची कुंपणे ओलांडणाऱ्या विचाराने. तो मोठा झाल्यावर त्यास आपला म्हणणे सोपे. तो अडचणीत शिकत असता त्यास आपला म्हणणे कठीण. आजही खेड्यापाड्यांतून फीपायी शाळा सोडणारी मुले आहेत. त्यांपैकी एकाचा तरी भार उचलण्यास जो ज्ञातिबांधव पुढे येईल, त्यासच यशवंतरावांचे नाव अभिमानाने घेण्याचा अधिकार आहे, असे आम्हांस नम्रपणे वाटते.