पी.जे.ची काजळी

साल 1962. पाचोरा स्टेशनावर तुम्ही पाचोरा-जामनेर गाडीत, म्हणजे पी.जे.त चढलाय. अडीच फुटी रूळ, पुढे कोळशाचं इंजिन. वरखेडी मागे पडतं न पडतं तोच खिडकीबाहेर डोकं काढल्याची शिक्षा मिळते. डोळ्यात कण!

"चोळू नका भाऊ, पाणी मारा," शेजारचे आजोबा तांब्या पुढे करतात.

कॉलर पाहा. सकाळी पांढरी होती. बोटाने पुसायला जाल तर आणखी पसरेल. धुराचा लोट सूर्यावर आला की सूर्य तांबूस दिसतो. दूरच्या ताऱ्यांचंही असंच होतं. वाटेतली धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, तांबडा कमी.

आता केंब्रिजला चला, साल तेच. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल आणि चंद्रा विक्रमसिंघे म्हणतायत की ही धूळ बर्फाची नाही, ग्रॅफाइटची, म्हणजे काजळीसारखी असावी. कार्बनने भरलेल्या म्हाताऱ्या ताऱ्यांवर ती धरते आणि बाहेर उडते. आपले कोल्हापूरचे जयंत नारळीकर तेव्हा हॉयल यांच्याच हाताखाली पीएच.डी. करतायत. (सिलिकेटची धूळही भरपूर आहे, हे पुढे कळलं. पण काजळीचा अंदाज वाया गेला नाही.)

काजळी प्रकाश गिळते, पण पोटात ठेवत नाही. उणे 250 अंशांच्या आसपास गारठलेला कणसुद्धा गिळलेलं सगळं अवरक्त किरणांत परत करतो. कार्बनच्या षटकोनी कड्यांचे इवलेसे रेणू तर अतिनील प्रकाशाच्या एकाच फोटॉनने क्षणभर तापतात आणि 3.3, 6.2, 7.7, 11.3 मायक्रॉनवर चमकतात. या जातीचे रेणू तुमच्या कॉलरवरच्या धुरातही आहेत.

तीसेक वर्षं पुढे या, हैदराबादला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची एक मीटरची दुर्बीण फुग्याला टांगून तीसेक किलोमीटर वर चाललीय, कारण खालच्या हवेतली वाफ धुळीचे हे अवरक्त किरण पोचूच देत नाही. तिचे संवेदक 0.3 केल्विनपर्यंत थंड केलेत. स्वतःच गरम असलेल्या यंत्राला ही ऊब कशी कळणार? 138 आणि 205 मायक्रॉनवर ती मृगातल्या तेजोमेघाची धूळ मोजते.

थंडीतल्या रात्री गावाबाहेर जाऊन बघा. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन चांदण्यांखाली धुरकट ठिपका दिसेल, तोच हा तेजोमेघ. त्याचा प्रकाश सुमारे 1,350 वर्षांपूर्वी निघालाय.