उस्मान सेम्बेन आणि आफ्रिकी चित्रपटाचा प्रेक्षक

फ्रान्सच्या पश्चिम आफ्रिकी वसाहतींत चित्रपटगृहे होती, परंतु तेथे चित्रपट काढणे स्थानिकांसाठी जवळजवळ अशक्य होते. १९३४ सालच्या ‘लाव्हाल हुकुमा’नुसार वसाहतीत चित्रीकरणापूर्वी पटकथेला आणि त्यात सहभागी होणाऱ्या व्यक्तींना प्रशासनाची परवानगी घ्यावी लागे, आणि याच अडचणीमुळे आफ्रिकी चित्रपटकार पॉलँ व्हिएरा व त्यांच्या सहकाऱ्यांना ‘आफ्रिक-सुर-सेन’ (१९५५) हा लघुपट पॅरिसमध्येच चित्रित करावा लागला. आफ्रिकी माणसांची चित्रे परक्यांनी घ्यायची आणि आफ्रिकी प्रेक्षकाने परक्यांचीच चित्रे पाहायची, ही व्यवस्था मोडण्याचे काम सेनेगलच्या उस्मान सेम्बेन यांनी केले.

दक्षिण सेनेगलमधील कासामान्स प्रांतात, झिगिंशोर येथे एका कोळ्याच्या घरी १९२३ साली जन्मलेल्या सेम्बेन यांचे शालेय शिक्षण अर्धवटच राहिले. दुसऱ्या महायुद्धात ते ‘तिरायर’ म्हणजे फ्रान्सच्या वसाहती फौजेतील शिपाई होते, आणि पुढे मार्सेय बंदरात गोदी कामगार म्हणून राबताना ते कामगार संघटनेत व कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले. ‘काळा गोदी कामगार’ अशा अर्थाच्या शीर्षकाची पहिली कादंबरी (१९५६) आणि १९४७–४८ च्या डाकार-नायजर रेल्वे संपावरील कादंबरी (१९६०) यांनी त्यांना लेखक म्हणून नाव मिळवून दिले. पण ज्यांच्याविषयी ते लिहीत होते त्यांपैकी बहुसंख्यांना फ्रेंच वाचता येत नव्हते. हीच उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर मॉस्कोच्या गॉर्की स्टुडिओत दिग्दर्शक मार्क दोन्स्कॉय यांच्या हाताखाली चित्रपटकलेचे शिक्षण घेतले.

डाकारमधील एका गरीब गाडीवानाचा एक दिवस दाखवणारा ‘बोरोम सारेत’ (१९६३) हा सुमारे वीस मिनिटांचा लघुपट त्या शिक्षणाचे पहिले फळ होय. फ्रेंच कुटुंबाकडे अँतीब येथे राबणाऱ्या सेनेगली मोलकरणीची शोकांतिका सांगणाऱ्या ‘ला न्वार द...’ (१९६६) या चित्रपटाची पटकथा फ्रान्सच्या सहकार्य मंत्रालयाच्या चित्रपट विभागाने नाकारली होती, तरीही पूर्ण झालेल्या चित्रपटाला फ्रान्समधलाच ज्यां व्हिगो पुरस्कार मिळाला. मात्र या चित्रपटातील नायिकेचे मनोगत फ्रेंचमध्येच ऐकू येते. ही मर्यादा ‘मांदाबी’ने (१९६८) ओलांडली: पॅरिसमधील भाच्याने पाठवलेली मनीऑर्डर ओळखपत्राअभावी वटवता न येणाऱ्या, कचेऱ्यांचे उंबरे झिजवणाऱ्या गृहस्थाची ही कथा वोलोफमध्ये, म्हणजे सेनेगलच्या बहुसंख्यांना समजणाऱ्या भाषेत, पडद्यावर आली. पुढे चित्रपट घेऊन ते गावोगाव फिरले, खेळानंतर प्रेक्षकांशी चर्चा करीत राहिले आणि चित्रपटाला प्रौढांची रात्रशाळा मानू लागले.

स्वातंत्र्यानंतरच्या सत्ताधाऱ्यांनाही त्यांचे चित्रपट जाचक ठरले. गोऱ्यांच्या खुर्च्यांवर बसलेल्या नव्या धनिक वर्गाची ‘झाला’मध्ये (१९७५) त्यांनी खिल्ली उडवली, तेव्हा सेन्सॉरने त्यातील दृश्ये कापली; इस्लामच्या प्रसाराला विरोध करणाऱ्या सामान्य रयतेवरील ‘सेड्डो’वर (१९७७) राष्ट्राध्यक्ष सेंघोर यांच्या सरकारने बंदी घातली आणि तिचे अधिकृत कारण शीर्षकातील जोडाक्षराच्या लेखनाचे दिले. थकलेला पगार मागणाऱ्या आफ्रिकी सैनिकांवर डिसेंबर १९४४ मध्ये फ्रेंच सैन्याने केलेल्या गोळीबाराचे चित्रण करणारा ‘कां द थियारोय’ (१९८८) त्यांनी थिएर्नो फाती सो यांच्यासह दिग्दर्शित केला. तो सेनेगल, अल्जीरिया आणि ट्युनिशिया यांच्या सहकार्याने निघाला. मुलींच्या जननेंद्रिय-छेदनाला विरोध करणाऱ्या ग्रामीण स्त्रीवरील ‘मूलादे’ (२००४) हा त्यांचा अखेरचा चित्रपट कान महोत्सवात गौरवला गेला आणि ९ जून २००७ रोजी डाकार येथे त्यांचे निधन झाले.

‘आफ्रिकी चित्रपटाचे जनक’ हे बिरुद त्यांना सर्रास लावले जाते, पण त्यांचे मोठेपण पहिलेपणात नाही. निर्मितीसाठी युरोपचा पैसा घ्यावा लागला तरी चित्रपटाचा पहिला प्रेक्षक युरोपीय असणार नाही, हा निर्णय त्यांनी घेतला आणि चार दशके निभावला, हेच त्यांचे खरे ऐतिहासिक कार्य मानले पाहिजे.