नदीतल्या पाकटाचं दप्तर

शाळेत इतिहास शिकवताना दरवर्षी पहिला धडा ठरलेला असे, इतिहासाची साधने. भौतिक, लिखित आणि मौखिक. नाणी, ताम्रपट, बखरी, पोवाडे... मुलांकडून घोकून घ्यायचं. शास्त्राशी माझा संबंध शिक्षकखोलीत शेजारी बसणाऱ्या शास्त्राच्या मास्तरांपुरता. निवृत्तीनंतर मात्र हाताला लागेल ते वाचत गेलो आणि त्यात दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधल्या पाकट माशांची गोष्ट सापडली. वाटलं, या मास्तरकीच्या यादीत चौथं साधन घालायला हवं होतं.

पाकट आपल्याकडे कोकणात सगळ्यांना ठाऊक. चपटा, थाळीसारखा, शेपटीवर विषारी काटा. तो समुद्राचा प्राणी. पण ॲमेझॉन, ओरिनोको, पाराना या नद्यांमध्ये त्याचं एक अख्खं घराणं राहतं, तेही कायमचं. सुमारे चाळीस जाती. समुद्री पाकट रक्तात युरिया साठवून खाऱ्या पाण्याशी तोल सांभाळतो. या नदीवाल्यांच्या रक्तात युरिया जवळजवळ नाहीच, हे थॉमस थॉर्सन आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली दाखवलं. त्यांना खाऱ्या पाण्यात ठेवलं तरी तो पुन्हा साठवता येत नाही. परतीची वाट बंद!

मग हे आत आले कुठून? इथे इतिहासकारांसारखेच वाद झाले. हे बहुतेक मासे अँडीज पर्वताच्या पूर्वेकडच्या नद्यांत. पण १९८१ साली ब्रुक्स, थॉर्सन आणि मेयस यांनी त्यांच्या पोटातले जंत तपासले आणि म्हटलं, या जंतांचे नातलग पॅसिफिककडच्या पाकटांत आहेत, तेव्हा अँडीज उभा राहण्याआधी हे पश्चिमेकडून आले असणार. (जंतांवरून वंशावळ! आमच्या कुलकर्ण्यांनाही हे सुचलं नसतं.) १९९८ साली लव्हजॉय आणि सहकाऱ्यांनी डीएनएवरून वेगळा निकाल दिला. जवळचे नातलग मध्य अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर आहेत आणि सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी कॅरिबियनचं पाणी खंडात शिरलं, त्याबरोबर हे आले. मग २०१४ मध्ये पेरूतल्या जीवाश्म दातांनी तारीख चार कोटी वर्षांपर्यंत मागे ढकलली. असो. आपल्याकडे शिवजन्माच्या तारखेचा वाद किती वर्षं चालला, आठवा.

माझं लक्ष वेधलं ते गुणसूत्रांनी. पेशी दुभंगताना हे धागे सुटे दिसतात. त्या क्षणी कोल्चिसीन नावाचं औषध घालून विभाजन थांबवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. माणसाची सेहेचाळीस. (ती अठ्ठेचाळीस आहेत असं १९२३ पासून शास्त्रज्ञ मानत होते, १९५६ साली त्जियो आणि लेवान यांनी नीट मोजली.) नदीतल्या पाकटांत पॅराट्रायगॉन या शाखेत नव्वद आणि तिच्या चुलत शाखेत, पोटामोट्रायगॉनच्या बऱ्याच जातींत, सहासष्ट. एकाच घराण्यात एवढा फरक कसा? अभ्यासकांचा कल असा, की जुनी संख्या मोठी होती आणि धागे एकमेकांना जोडले जाऊन ती घटली. दोन सुटे कागद डिंकाने चिकटवले तर पानं कमी होतात, मजकूर बहुतेक तोच राहतो. म्हणजे सहासष्टवाला नव्वदवाल्यापेक्षा गरीब नव्हे. दप्तराची बांधणी बदलली, इतकंच.

ही बांधणी कुठे कुठे फार चमत्कारिक आहे. २०११ साली ब्राझीलमध्ये वरच्या पाराना खोऱ्यातल्या दोन पाकटांची मोजणी प्रसिद्ध झाली. मादीत सहासष्ट, नरात पासष्ट. कारण नराचं वाय गुणसूत्र दुसऱ्या एका साध्या गुणसूत्राला जोडलं गेलंय. बापाकडून एक जोडधागा येतो, आईकडून त्याच्या जोडीला दोन सुटे. म्हणून विषम आकडा. रिओ नेग्रोतल्या कुरुरू नावाच्या छोट्या पाकटाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या नरात वाय नाहीच, असं २०१३ साली निघालं. कुरुरूला २०१६ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं ते आल्फ्रेड रसेल वॉलेसचं. वॉलेस रिओ नेग्रोवर माशांची चित्रं काढत हिंडला होता. १८५२ साली परतताना त्याचं जहाज जळालं, वर्षांचा संग्रह बुडाला, पण माशांची चित्रं वाचली.

आता वरच्या पारानाबद्दल. ब्राझील आणि पॅराग्वेच्या सीमेवर या नदीत सेत्ची केदास, म्हणजे सात धबधबे, नावाचा प्रचंड प्रपात होता. त्याच्या खाली पाकट होते, वर नव्हते. लक्षावधी वर्षं ती भिंत कुणी ओलांडली नाही. ऑक्टोबर १९८२ मध्ये इताईपू धरणाचे दरवाजे बंद झाले, चौदा दिवसांत जलाशय भरला आणि धबधबे पाण्याखाली गेले. भिंतच राहिली नाही. खालचे पाकट वर पोहत निघाले आणि पुढच्या धरणांच्या जहाजांसाठीच्या कुलूप-कालव्यांतून आणखी वर सरकले. २०११ ची मोजणी याच पाण्यातली. म्हणजे त्या पासष्ट धाग्यांच्या नरांचे वाडवडील धबधब्याखालचे!

तिथल्या मच्छीमारांना आणि नदीत पोहणाऱ्यांना हा पाहुणा नकोसा आहे. काटा पायात गेला की वेदना भयंकर, जखम महिनोन्‌महिने बरी होत नाही. पूर्वी तिथे असा मासा नव्हता, त्यामुळे पाय कसा टाकावा ही सवयही नव्हती. त्यांचा राग मला समजतो. जाळ्यात आलेल्या पाकटाची शेपटी तोडून त्याला सोडून देतात, किंवा मारतात. आणि याच घराण्यातल्या सात जातींना, त्यात आपला वॉलेसचा कुरुरूही आला, नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामातल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय व्यापारापासून संरक्षण मिळालं, कारण काचेच्या टाक्यांत ठेवायला म्हणून जगभर त्यांची विक्री होत होती.

२०१५ साली आणखी एक नोंद झाली. बुडालेल्या धबधब्यावरून वर आलेल्या मोटोरो आणि फाल्कनेरी या दोन जातींचा तिथे संकर होतो आहे, असं जनुकांवरून दिसलं. दोघांच्या नरांत ती पासष्टची बांधणी आहेच. त्यांच्या पिलांचे धागे कसे जुळत असतील, ते मला फार बघायचं आहे. पण माझं वय आता सत्तरीच्या पुढचं आणि पाकटाची पिढी सावकाश चालते. पिलं थेट पोटातून जन्मतात, तीही मोजकी.