दुहेरी मार्गदर्शनाचा विमानबॉम्ब : विकास, चाचण्या आणि महाराष्ट्राचा वाटा

प्रस्तावना :
कारगिल युद्धाचा उल्लेख महाविद्यालयीन अध्यापनात बहुधा पायदळाच्या पराक्रमाच्या अंगाने केला जातो, आणि ते योग्यच आहे. तथापि २४ जून १९९९ रोजी भारतीय वायुसेनेच्या मिराज-२००० विमानांनी टायगर हिलवर लेसर-मार्गदर्शित बॉम्ब टाकले, ही घटना भारतीय शस्त्रविद्येच्या इतिहासात स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे. या युद्धात अशा बॉम्बचा वापर मोजकाच झाला. तरीही त्यातून जो प्रश्न उभा राहिला त्याचे उत्तर शोधण्यात पुढील दोन दशके गेली. बॉम्बला एकच 'डोळा' पुरेसा आहे काय, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेतला असून त्यातील महाराष्ट्राचा, विशेषतः पुण्याचा, वाटा तपासला आहे.

एकेरी मार्गदर्शनाच्या मर्यादा :
मार्गदर्शित बॉम्ब ही दुसऱ्या महायुद्धाची निर्मिती होय. ९ सप्टेंबर १९४३ रोजी जर्मनीच्या 'फ्रिट्झ-एक्स' बॉम्बने इटलीची 'रोमा' ही युद्धनौका बुडविली. आपल्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण म्हणजे अमेरिकेचा 'एझॉन' बॉम्ब. १९४४ च्या अखेरीपासून ब्रह्मदेशातील रेल्वेपूल पाडण्यासाठी तो वापरला गेला, आणि त्यासाठीची विमाने बंगालमधील तळावरून उडत. हा बॉम्ब रेडिओ-संदेशाने केवळ डावीकडे वा उजवीकडे वळविता येई. तो खाली पोहोचेपर्यंत विमानातील सैनिकाला त्याच्या शेपटीवरील ज्योतीकडे टक लावून पाहावे लागे. डोळा माणसाचाच होता. धुके आले की तो निकामी.

व्हिएतनाम युद्धात 'पेव्हवे' या लेसर-संचाने ही अडचण अंशतः दूर केली. लक्ष्यावर लेसरचे सांकेतिक स्पंद टाकायचे, परावर्तित प्रकाश बॉम्बच्या नाकाशी असलेल्या संवेदकाने टिपायचा आणि पुढील पंख हलवून दिशा सुधारायची, अशी ही योजना आहे. वर्षानुवर्षांच्या हल्ल्यांना दाद न देणारा थान-होआ येथील पूल मे १९७२ मध्ये या बॉम्बनी निकामी केला. परंतु लेसरलाही ढग, धूर व धूळ यांचा अडथळा होतोच. १९९१ च्या आखाती युद्धात तो ठळकपणे जाणवला आणि त्यातूनच उपग्रहाच्या साहाय्याने चालणाऱ्या 'जेडॅम' संचाची निर्मिती झाली. १९९९ च्या कोसोव्हो मोहिमेत तो प्रथम युद्धात उतरला. त्याला ढगांची तमा नव्हती. मात्र त्याला लक्ष्य दिसत नव्हते, दिलेले अक्षांश-रेखांश तेवढे ठाऊक होते.

७ मे १९९९ च्या रात्री बेलग्रेडमधील चिनी दूतावासावर पडलेले बॉम्ब याच जातीचे होते. लक्ष्याचे स्थान चुकीचे निश्चित झाले होते, असे अमेरिकेचे स्पष्टीकरण आहे; चीनने ते मान्य केले नाही. स्पष्टीकरण ग्राह्य धरले तरी एवढे निश्चित की, बॉम्ब अचूक पडला आणि नेमकी तीच अचूकता प्राणघातक ठरली. प्रस्तुत लेखकाच्या मते दुहेरी मार्गदर्शनाच्या इतिहासात ही घटना तांत्रिक अपयशांइतकीच महत्त्वाची आहे, कारण कितीही संवेदक बसविले तरी लक्ष्याची निवड माणूसच करतो.

बेलग्रेडनंतर अवघ्या काही आठवड्यांत कारगिलचा संघर्ष पेटला. २७ व २८ मे १९९९ या दोन दिवसांत भारताने दोन लढाऊ विमाने व एक एमआय-१७ हेलिकॉप्टर गमावले. त्यानंतर खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर, अधिक उंचीवरून मारा करणे भाग पडले. शिवाय नियंत्रण रेषा ओलांडावयाची नव्हती. अरुंद कडा, विरळ हवा, शिखरांभोवतीचे ढग, अशा स्थितीत लेसर-बॉम्ब उपयुक्त ठरला. पण आकाश निरभ्र होण्याची वाट पाहणेही त्यात आलेच.

भारतीय चाचण्या :
यानंतर बंगळूरच्या वैमानिकी विकास आस्थापनेने 'सुदर्शन' हा लेसर-संच १००० पौंडी बॉम्बसाठी विकसित केला. २०१० मध्ये चांदीपूर येथे त्याच्या चाचण्या झाल्या. तो एकेरी मार्गदर्शनाचाच होता. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी बालाकोट येथे वापरलेला इस्रायली 'स्पाइस-२०००' मात्र दुहेरी होता : प्रवासात उपग्रह व जडत्वीय दिशादर्शन आणि अखेरच्या टप्प्यात लक्ष्याच्या साठविलेल्या प्रतिमेशी जुळणी. त्या हल्ल्याच्या परिणामाविषयी दोन्ही देशांचे दावे परस्परविरोधी आहेत. बॉम्ब कोठे पडला आणि त्याने काय साधले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढेच येथे नोंदवितो.

स्वदेशी प्रयत्नांत धावपट्ट्या निकामी करण्यासाठी बनविलेला १२५ किलो वर्गातील बॉम्ब महत्त्वाचा आहे. २८ ऑक्टोबर व ३ नोव्हेंबर २०२१ रोजी जैसलमेरजवळील चांदन क्षेत्रात त्याच्या दोन रूपांची चाचणी झाली. एक रूप उपग्रह-दिशादर्शनाचे आणि दुसरे अवरक्त प्रतिमा टिपणाऱ्या शोधकाचे होते. या वर्गातील बॉम्बची अशा शोधकासह चाचणी देशात प्रथमच झाली. त्याचा कमाल पल्ला १०० कि.मी. सांगितला जातो. त्याची रचना हैदराबादच्या रिसर्च सेंटर इमारतने केली आहे.

पुण्याचा वाटा :
पाटोद्यासारख्या बालाघाटातील तालुक्यात बसून या विषयावर लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. बॉम्बच्या 'डोळ्या'विषयी पुष्कळ लिहिले जाते. 'पोटा'विषयी फारच थोडे, आणि ते पोट मोठ्या प्रमाणावर महाराष्ट्रात घडते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. १ सप्टेंबर १९५८ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंटने, म्हणजेच एआरडीईने, वेगवान विमानांखाली हवेचा प्रतिरोध कमी करणारे बॉम्ब विकसित केले. स्फोटकांचे संशोधन सुतारवाडीच्या एचईएमआरएल प्रयोगशाळेत चालते. तिचा उगम १९०८ मध्ये नैनितालला झाला आणि १९६० मध्ये ती पुण्यास आली. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ पासून विसर्जित झाल्यावर दारूगोळा-कारखान्यांसाठी स्थापन झालेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचे मुख्यालयही पुण्यातच आहे.

८ ते १० एप्रिल २०२५ या काळात सुखोई-३० विमानातून 'गौरव' या १००० किलो वर्गातील तरंगत जाणाऱ्या बॉम्बच्या चाचण्या झाल्या. त्यांत निरनिराळी स्फोटकाग्रे वापरली गेली आणि सुमारे १०० कि.मी. पल्ला सिद्ध झाला. त्याच्या विकासकांत एआरडीईचे, तर उत्पादन-भागीदारांत पुण्याच्याच भारत फोर्जचे नाव आहे. 'गौरव' जडत्वीय व उपग्रह अशा संमिश्र दिशादर्शनावर चालतो.

या चाचण्यांच्या अवघे अडीच महिने आधी, २४ जानेवारी २०२५ रोजी, भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या दारूगोळा भांडाराला लागलेल्या आगीत लष्करी अधिकारी व अग्निशमन कर्मचारी दगावले होते. चाचण्यांच्या प्रसिद्धिपत्रकांत पल्ला, वजन आणि प्रयोगशाळांची नावे येतात. या कारखान्यांतील व भांडारांतील कामगारांच्या आठवणी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने नोंदविण्याचे काम मराठी संशोधकांना भाषेच्या बळावर सहज करता येण्याजोगे आहे, आणि ते जवाहरनगर, वरणगाव, भुसावळ, देहूरोड व खडकी येथून सुरू करता येईल.