संगणकाचे प्रमाणपत्र आणि दुरुस्तीचा हात



आपल्या शाळेच्या दिवसांत संगणक हा बहुतेकांसाठी सामान्यज्ञानाच्या पुस्तकातला विषय होता. बीड जिल्ह्यात तो घरोघरच्या बोलण्यात आला २००१ नंतर. त्या वर्षी महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्याच्या गावांत प्रशिक्षण केंद्रांच्या पाट्या झळकू लागल्या.

पुढे सरकारी नोकरीसाठी हे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. सेवेतल्या कर्मचाऱ्यांना ३१ डिसेंबर २००७ ही मुदत होती. ती चुकली की वेतनवाढीवर गदा. हयातभर खडू हाती धरलेले कितीतरी गुरुजी त्या काळात आपल्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांकडून माउस धरायला शिकले. ती जिद्द आपण विसरू नये.

मात्र ही परीक्षा संगणक-साक्षरतेची. पत्र टाइप करणे, तक्ता बनवणे, ई-मेल पाठवणे तिच्यात येते; बंद पडलेले यंत्र सुरू करणे तिचा विषयच नाही. आणि यंत्रे तर सारखी बंद पडत. परळीला १९७१ पासून औष्णिक वीज केंद्र, तरी जिल्ह्यात तासन्‌तास भारनियमन! वीज आली की दाब वरखाली होऊन एसएमपीएस जळायचा. पंख्यात धूळ साचून प्रोसेसर तापायचा. तेव्हा आठवण व्हायची ती रेडिओ-टीव्ही दुरुस्तीतून संगणकाकडे वळलेल्या पोराची. तो रॅमची पट्टी काढून तिची पिवळी कड खोडरबराने घासायचा, परत बसवायचा आणि नुसत्या बीपवरून दोष ओळखायचा. ही विद्या तो उस्तादाजवळ बसून शिकलेला. तिचा कागद त्याच्याकडे नव्हता.

अशा हातातून काय उभे राहू शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर शाळा सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीत शिरले. पुण्यात त्यांनी स्वतःचे दुकान काढले, मग संगणक दुरुस्ती सुरू केली. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडू लागले. धाकटे बंधू संजय महाविद्यालयात संगणक शिकत होते. त्यांनी व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून ‘क्विक हील’ जन्मले आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात पोचली. एका भावाचा हात आणि दुसऱ्याचे शिक्षण, दोन्ही लागले.

अनुभवाने शिकलेल्यांची चाचणी घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत २०१५ नंतर झाली. तोवर अनेकांची उमेदीची वर्षे दुकानाच्या फळीवर सरली होती.

म्हणून संपादक मंडळाला एक विनंती. स्मरणिकेच्या नामावलीत नावापुढे पदवी छापतो, तसे ज्या वर्गमित्रांकडे पदवी नाही त्यांच्या नावापुढे त्यांचे काम छापावे. ‘संगणक दुरुस्ती, २० वर्षे’ एवढे दोन शब्दही शाळेच्या इतिहासात नोंद म्हणून पुरेसे आहेत.