साथ घालवणारा ड्रॅगन, आणि साथीनेच थांबवलेला

हाँगकाँगच्या झगमगत्या कॉजवे बे भागाला लागूनच ताई हांग नावाची वस्ती आहे. आज तिथे कॅफे आणि महागडे फ्लॅट दिसतात. १८८० मध्ये मात्र ते हाक्का लोकांचं छोटं गाव होतं, शेती आणि मासेमारीवर जगणारं.

तिथली कथा अशी. वादळ येऊन गेलं आणि गावात एक अजगर शिरला, गुरंढोरं गिळू लागला. लोकांनी त्याला मारलं, पण मेलेला अजगर दुसऱ्या दिवशी गायब! पाठोपाठ साथ आली, माणसं पटापट मरू लागली. काही म्हणाले, तो ड्रॅगन राजाचा मुलगा होता. मग गावातल्या एकाला दृष्टांत झाला : मध्य-शरदाच्या पौर्णिमेला अग्नीचा ड्रॅगन नाचवा, फटाके वाजवा. गावाने तसं केलं आणि साथ हटली म्हणतात.

आजही तीन रात्री हा नाच होतो. गवत आणि दोरांचा ६७ मीटर लांब ड्रॅगन, अंगभर खोचलेल्या हजारो पेटत्या उदबत्त्या, आणि त्याला आलटून पालटून खांद्यावर घेणारे सुमारे ३०० जण. ड्रॅगनपुढे जे 'मोती' नाचवतात ती चक्क उदबत्त्या खोचलेली पपनसं असतात. सोबत कंदील घेतलेली पोरं.

यात 'विज्ञान' शोधणारे तिकडेही आहेत बरं का. फटाक्यांतल्या गंधकाने रोग पळाला, हे स्पष्टीकरण हमखास ऐकायला मिळतं. आपल्याकडच्या फॉरवर्डची आठवण यावी असंच. मला ते पटत नाही. गावाकडे ना औषध होतं ना डॉक्टर. होती ती माणसं, आणि घराघरात दारं लावून मरणाची वाट बघण्याऐवजी ती एकत्र रस्त्यावर उतरली. मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपार नेणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं.

चौदा वर्षांनी, १८९४ मध्ये, हाँगकाँगात प्लेग आला. त्याच वर्षी तिथे अलेक्झांडर येर्सिनने प्लेगचा जंतू शोधला. पण सरकारने ताईपिंगशान या चिनी वस्तीत गोऱ्या सैनिकांना घरोघर झडतीला पाठवलं. लोक बिथरले, हजारोंनी शहर सोडलं. १८९६ मध्ये हाच प्लेग मुंबईत पोचला, १८९७ मध्ये पुण्यात रँडसाहेबाने काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे. जंतू बोटीने आला, आणि कारभाराची पद्धतही जवळपास तीच. लोकांना विश्वासात न घेता साथ आवरायची म्हटलं की काय होतं, हे दोन्ही शहरांनी तीन वर्षांच्या अंतराने पाहिलं.

ड्रॅगनने पुढेही बरंच सोसलं. जपानी ताब्याच्या काळात नाच बंद होता. १९६७ च्या दंगलींनंतर सरकारने फटाक्यांवर बंदी घातली, म्हणजे दृष्टांतातली अर्धी आज्ञाच गेली. उरल्या उदबत्त्या. २०११ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत ताई हांगचं नाव आलं, पर्यटक वाढले. गावातलं घर परवडेनासं होऊन बाहेर गेलेली जुनी कुटुंबं त्या तीन रात्रींसाठी परत येतात, ही मला यादीपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

आणि मग कोविड. साथ घालवायला सुरू झालेला नाच साथीमुळेच २०२०, २०२१ आणि २०२२ अशी सलग तीन वर्षं रद्द झाला. २०२३ च्या सप्टेंबरात ड्रॅगन पुन्हा त्याच गल्ल्यांतून धावला, पुढे पपनसं घेऊन.